रुग्ण बालकासाठी दोन देशांचा एक कागद

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील संबंधांचा इतिहास आपण ठिकाणांच्या नावांनी सांगतो. ताश्कंद, सिमला, लाहोर, कारगिल, आग्रा, पुलवामा, पहलगाम. यातील काही नावे युद्धाची किंवा हल्ल्याची आठवण करून देतात, तर उरलेली अशा भेटींची, ज्यांतून टिकाऊ असे फारसे काही हाती लागले नाही. या यादीत आणखी एक नाव आणि एक तारीख असावी, असे मला बऱ्याच वर्षांपासून वाटत आले आहे. नाव आहे बोम्मसंद्र. बंगळूरुहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही औद्योगिक वसाहत. तारीख आहे १५ जुलै २००३. त्या दिवशी तेथील नारायण हृदयालयात लाहोरहून आलेल्या अडीच वर्षांच्या मुलीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तिचे नाव नूर फातिमा.

आज पंचविशीत असलेल्या भारतीय वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र त्या जुलै महिन्यात ते देशातील प्रत्येक वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर होते. त्यामागची पार्श्वभूमी आठवून पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने वाघा सीमा ओलांडून लाहोरला गेले, तेव्हा दिल्ली-लाहोर बससेवा हे दोन्ही देशांतील सद्भावनेचे प्रतीक मानले गेले. त्यानंतर काही महिन्यांतच कारगिलचे युद्ध झाले. तरीही बस चालू राहिली. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाल्यावर मात्र १ जानेवारी २००२ पासून भारताने ती थांबवली. रेल्वे बंद झाली, विमानांना आकाश बंद झाले आणि सीमेवर दोन्ही बाजूंचे लाखो सैनिक कित्येक महिने समोरासमोर उभे राहिले. १८ एप्रिल २००३ रोजी वाजपेयींनी श्रीनगरच्या सभेत पुन्हा मैत्रीचा हात पुढे केला आणि ११ जुलैला बस पुन्हा धावू लागली. लाहोरहून निघालेल्या त्या पहिल्याच बसमध्ये नूर आणि तिचे आईवडील होते. ती अडीच वर्षांची होती. याचा अर्थ, तिच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ हा रस्ता बंदच होता.

त्या दिवसांतील बंगळूरु, म्हणजे तेव्हाचे बंगलोर, मला चांगले आठवते. हे शहर तोपर्यंत संगणकक्षेत्रातील यशाने जगाच्या नकाशावर आले होते. पण भारत-पाकिस्तानच्या राजकारणात त्याला स्थान नव्हते. सीमा येथून दोन हजार किलोमीटरहून दूर होती. फाळणीच्या ज्या जखमा दिल्ली किंवा अमृतसरच्या घराघरांत सापडतात, त्या येथे क्वचितच आढळत. तरीही या शहराने त्या मुलीला आपलेसे केले. रुग्णालयात फुले, खेळणी आणि शुभेच्छापत्रे यांचा ढीग पडला. देशाच्या कानाकोपऱ्यातून पैसे पाठवण्याची तयारी लोकांनी दाखवली. मंदिरांत, मशिदींत, चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाल्या. नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या देशाशी युद्धाच्या उंबरठ्यावर आपण उभे होतो, त्या देशातील एका मुलीची प्रकृती कशी आहे, याची विचारपूस पानपट्टीच्या दुकानापासून विधानसौधापर्यंत होत होती.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. काही आठवड्यांनी ते कुटुंब परत गेले. त्यानंतर आणखी अनेक पाकिस्तानी मुले उपचारांसाठी बंगळूरुला आणि भारतातील इतर शहरांत आली. ही कथा त्या काळी माणुसकीचा विजय म्हणून सांगितली गेली आणि ते खोटे नव्हते. तथापि, धोरणांविषयी विचार करणाऱ्या वाचकाने तेवढ्यावर थांबू नये. नूर बरी झाली ती नेमकी कशामुळे आणि आज तशीच एखादी मुलगी बरी का होऊ शकत नाही, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधताना थोडे वैद्यकशास्त्र समजून घ्यावे लागते. नूरच्या हृदयात जन्मतः छिद्रे होती. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल, तर शुद्ध रक्ताचा बराचसा भाग शरीराकडे जाण्याऐवजी पुन्हा फुप्फुसांकडे वळतो. अशा बाळाला दूध पिताना धाप लागते, कपाळावर घाम येतो, वारंवार न्यूमोनिया होतो आणि वजन वाढत नाही. आई म्हणते, बाळ किरकिरे आहे. आजी म्हणते, दृष्ट लागली. मात्र या अवस्थेतील सर्वांत घातक गोष्ट बाहेरून दिसत नाही. जादा रक्ताच्या दाबामुळे फुप्फुसांतील रक्तवाहिन्या हळूहळू जाड आणि कठीण होत जातात. एका मर्यादेपलीकडे हा बदल कायमचा ठरतो. त्यानंतर छिद्र बुजवता येत नाही. बुजवण्याचा प्रयत्न केल्यास रुग्ण दगावण्याचा धोका असतो. जी शस्त्रक्रिया बाळ काही महिन्यांचे असताना त्याला जवळजवळ सामान्य आयुष्य देऊ शकली असती, तीच काही वर्षांनी अशक्य होते.

म्हणूनच या आजारात वेळ हा औषधाइतकाच महत्त्वाचा असतो. व्हिसाचा अर्ज टेबलावर पडून राहण्याचे सहा महिने व्यापाऱ्याच्या दृष्टीने नुकसानीचे असतात. पर्यटकाच्या दृष्टीने केवळ त्रासाचे. हृदयविकार असलेल्या बालकासाठी ते सहा महिने म्हणजे शस्त्रक्रिया करता येणे आणि न येणे यांतील अंतर असू शकते.

दुसरी गोष्ट, ‘शस्त्रक्रिया’ आणि ‘बरे होणे’ यांत आपण गल्लत करतो. १९५३ साली अमेरिकेत हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या दशकांत उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया जगभर रुळली. भारतात तिची पहिली यशस्वी पायरी १९६२ साली वेल्लोर येथे चढली गेली. आज अनुभवी पथकाच्या हाती साधे छिद्र बुजवणे ही काही तासांची, बऱ्यापैकी निर्धोक गोष्ट आहे. परंतु बालकाचे बरे होणे त्यानंतर सुरू होते. प्रथम अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वासोच्छ्वास, छातीतून बाहेर आलेल्या नळ्या, तासातासाला मोजले जाणारे लघवीचे प्रमाण. मग ती नळी काढल्यावर घशातून फुटणारा पहिला घोगरा हुंदका. नंतर भूक. आजारी मुलाच्या आईला विचारले तर ती सांगेल की, डॉक्टरांच्या कोणत्याही अहवालापेक्षा मुलाने स्वतःहून मागून खाल्लेल्या पहिल्या घासावर तिचा अधिक विश्वास असतो. छातीचे कापलेले हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. त्या काळात मुलाला बगलेत हात घालून उचलायचे नसते. त्यानंतर वजन वाढते, चाल सुधारते, ठरावीक अंतराने इकोकार्डिओग्राफी करून पाहावी लागते आणि दातांच्या स्वच्छतेपासून लसीकरणापर्यंत अनेक गोष्टी सांभाळाव्या लागतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी कॅमेरे असतात. या पुढच्या महिन्यांत नसतात.

या दोन गोष्टी, म्हणजे आजारातील वेळेचे महत्त्व आणि शस्त्रक्रियेनंतरचा दीर्घ काळ, लक्षात घेतल्या, तर नूरच्या बरे होण्यासाठी तीन दरवाजे एकाच वेळी उघडे असावे लागले, हे स्पष्ट होते. एक, रस्त्याचा. दुसरा, सरकारी परवानगीचा. तिसरा, अशा रुग्णालयाचा, जे तिला घेऊ शकेल आणि जिथे पैशावाचून काम अडणार नाही.

तिसऱ्या दरवाजाविषयी प्रथम लिहितो, कारण त्याचे श्रेय या शहराला आणि राज्याला आहे. डॉ. देवी शेट्टी यांनी सुरू केलेले नारायण हृदयालय २००३ मध्ये अगदी नवे होते. शेट्टींची कल्पना साधी, पण त्या काळी धाडसी होती. एकाच ठिकाणी पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या, तर प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च कमी होतो आणि पथकाचे कौशल्य वाढते. ऐपत असलेल्या रुग्णाकडून पूर्ण शुल्क घ्यायचे आणि त्यातून ऐपत नसलेल्याचा भार उचलायचा. अमेरिकी वृत्तपत्र ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २००९ मध्ये त्यांना हृदयशस्त्रक्रियेचे हेन्री फोर्ड म्हटले ते यामुळे. त्याच सुमारास, १ जून २००३ पासून, कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी ‘यशस्विनी’ ही आरोग्य विमा योजना प्रत्यक्षात आली. तिच्या उभारणीतही शेट्टींचा मोठा वाटा होता. महिन्याला पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ रुपये भरून शेतकऱ्याला मोठ्या शस्त्रक्रियेचे संरक्षण मिळू लागले. पहिल्याच वर्षी सुमारे सोळा लाख लोक तिच्यात आले. नूरची शस्त्रक्रिया आणि यशस्विनीची सुरुवात यांत अवघ्या सहा आठवड्यांचे अंतर आहे, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. परदेशी बालकाला सामावून घेण्याची ताकद त्याच व्यवस्थेत असते, जी आपल्या देशातील गरीब रुग्णाची सोय पाहत असते.

बंगळूरुत ही व्यवस्था एका रुग्णालयापुरती नव्हती. कर्नाटक सरकारची जयदेव हृदयरोग संस्था होती व आहे. व्हाइटफील्डमधील श्री सत्य साई रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी पैसेच घेतले जात नाहीत. त्या रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २००१ मध्ये वाजपेयींच्याच हस्ते झाले होते. म्हणजे, सरकारी, धर्मादाय आणि खासगी अशा तिन्ही प्रकारच्या संस्था एका शहरात एकत्र आल्या आणि त्यातून शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचा एक समूह घडला. तो समूह हीच खरी संपत्ती होय. यंत्रे विकत घेता येतात. लहान मुलाच्या अक्रोडाएवढ्या हृदयावर काम करणारे आणि रात्रभर त्याच्याजवळ जागणारे हात घडवायला दशके लागतात.

आता उरलेल्या दोन दरवाजांकडे वळू. रस्ता आणि परवानगी. हे दोन्ही सरकारांच्या हाती आहेत आणि या दोन्हींची अवस्था २००३ पेक्षा आज वाईट आहे.

२०१७ मध्ये संबंध बिघडले, तेव्हा पाकिस्तानी रुग्णांना वैद्यकीय व्हिसा हवा असेल, तर त्यांच्या परराष्ट्र व्यवहार सल्लागारांचे शिफारसपत्र हवे, अशी भूमिका भारताने घेतली. त्याच काळात तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी समाजमाध्यमांवर आलेल्या व्याकूळ विनवण्यांना उत्तर देऊन अनेकांना व्हिसा मिळवून दिला आणि त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी सर्व प्रलंबित खऱ्या प्रकरणांत व्हिसा देण्याची घोषणा केली. स्वराज यांचा कनवाळूपणा निःसंशय होता. पण ज्या बापाला समाजमाध्यमावर इंग्रजीत चार ओळी लिहिता आल्या, त्याच्या मुलाला दरवाजा उघडला. ज्याला त्या लिहिता आल्या नाहीत, त्याच्या मुलाचे काय झाले, याची नोंद कोठेही नाही. मंत्र्याचे मन मोठे असणे ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यावर धोरण उभे करता येत नाही.

त्याच वर्षी लाहोरहून आलेल्या चार महिन्यांच्या बाळाची दिल्लीजवळ हृदयशस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी ठरली, बाळ घरी परतले आणि दोन्ही देशांतील वृत्तपत्रांनी त्याचे फोटो छापले. त्यानंतर काही आठवड्यांतच ते निर्जलीकरणामुळे दगावल्याची बातमी आली. हृदय दुरुस्त झाले होते. जे कमी पडले, ते शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत, घरी, एका साध्या आजारात. सीमेपलीकडील बालरोगतज्ज्ञ आणि सीमेअलीकडील शल्यविशारद यांच्यात नियमित संपर्काची सोय असती, तर ते बाळ नक्की वाचले असते, असा दावा मी करणार नाही. परंतु अशी सोय असायला हवी, हे सांगण्यासाठी याहून मोठे कारण लागू नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द झाल्यानंतर दिल्ली-लाहोर बस थांबली आणि समझोता एक्स्प्रेसही. वैद्यकीय व्हिसाची वाट मात्र अरुंद का होईना, पण शिल्लक होती. जानेवारी २०२४ मध्ये कराचीच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीला चेन्नईत दिल्लीतील दात्याचे हृदय बसवण्यात आले, तेव्हा नूरची आठवण अनेकांना झाली असेल. मग २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी सव्वीस जणांची हत्या केली. अटारीची तपासणी चौकी बंद झाली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि वैद्यकीय व्हिसा केवळ २९ एप्रिलपर्यंत वैध राहतील, असे जाहीर झाले. त्या वेळी सिंधमधील हैदराबादच्या एका कुटुंबातील दोन मुले हृदयशस्त्रक्रियेसाठी दिल्ली परिसरात आलेली होती. उपचार पुरे होण्याआधीच त्यांना परत जावे लागले.

येथे काही वाचक अस्वस्थ होतील, याची मला जाणीव आहे. पहलगाममध्ये ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांना दहशतवाद्यांना आश्रय देणाऱ्या देशातील नागरिकांविषयी कळवळा बाळगण्यास सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? अशा हल्ल्यानंतर कठोर पावले उचलण्याचा भारताचा अधिकार मी नाकारत नाही. एखाद्या देशाने व्हिसा देणे ही त्याची मर्जी असते, हेही खरे. परंतु प्रत्येक शिक्षेला एक प्रश्न विचारावा लागतो. ही शिक्षा ज्याला झोंबायला हवी, त्याला झोंबते का? रावळपिंडीतील सेनापतींची मुले उपचारांसाठी लंडनला किंवा दुबईला जाऊ शकतात. अटारीचा दरवाजा बंद झाल्याने अडतो तो हैदराबाद, मुलतान किंवा लाहोरच्या गल्लीत राहणारा, घर गहाण टाकून पैसे जमवलेला माणूस. त्याच्या मुलाचा श्वास अडल्याने दहशतवाद्यांच्या एकाही तळाला धक्का पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळता कामा नये. आपल्याच देशातील मुले रांगेत असताना परक्यांची चिंता कशासाठी? भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके हृदयातील जन्मजात दोषासह जन्माला येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचारांची गरज असते. त्यातील अनेकांना ते मिळत नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला, हे मराठी वाचकांना आठवत असेल. अंगणवाड्या आणि शाळांतील मुलांची तपासणी करून जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतील अडचणी वेळीच ओळखणे, हा त्याचा हेतू. कल्पना उत्तम होती व आहे. पण निदान झालेल्या मुलाला गावाकडून मोठ्या शहरातील शस्त्रक्रियागृहापर्यंत नेणारी साखळी सर्वत्र सारखी मजबूत नाही. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ योजनेद्वारे अशी साखळी बांधण्याचा प्रयत्न केला. तेथे हृदयदोष असलेल्या प्रत्येक बालकाची संगणकीय नोंद होते, कोणाला किती तातडी आहे ते तज्ज्ञ ठरवतात आणि त्यानुसार सरकारी किंवा खासगी रुग्णालयात त्याला जागा मिळते. रायचूर, नंदुरबार किंवा गडचिरोलीत जन्मलेल्या बाळाला आजही हे भाग्य खात्रीने लाभेल, असे म्हणता येत नाही.

म्हणून आक्षेप रास्त आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. गडचिरोलीच्या बाळाची जागा लाहोरच्या बाळाने हिरावून घेतलेली नाही. परदेशातून येणारी बहुतेक कुटुंबे शुल्क भरून येतात, किंवा त्यांच्यासाठी वेगळी देणगी उभी राहते. इराक, बांगलादेश, आफ्रिकेतील देश येथून मुले बंगळूरुला येतात, तेव्हा आपण त्याला अभिमानाने वैद्यकीय पर्यटन म्हणतो आणि कोणीही रांगेचा प्रश्न काढत नाही. गडचिरोलीच्या बाळाला अडवणारी सीमा वेगळी आहे. ती निदानाच्या अभावाची, अंतराची आणि बापाच्या बुडणाऱ्या रोजंदारीची सीमा आहे. खरे तर ही दोन्ही बाळे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. दोघांचेही जगणे आज नियमावर अवलंबून नाही. कोणाला तरी त्यांची दया आली, कोणत्या तरी वार्ताहराने बातमी केली, कोणी तरी ओळखीचा निघाला, तर ती वाचतात. उपकारावर चालणाऱ्या व्यवस्थेत वाचलेल्यांची छायाचित्रे असतात. न वाचलेल्यांची मोजदादही नसते.

देशांतर्गत प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे; केरळने त्याचा नमुना दिला आहे. सीमेपलीकडील प्रश्नाचे उत्तरही वाटते तितके अवघड नाही, कारण दोन्ही देशांनी अशा तऱ्हेची उत्तरे इतर बाबतींत पूर्वीच शोधलेली आहेत. सप्टेंबर १९७४ मध्ये, बांगलादेश युद्धाला तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, भारत व पाकिस्तान यांनी धार्मिक स्थळांच्या यात्रांविषयी एक लेखी मसुदा मान्य केला. कोणती स्थळे, कोणते प्रसंग, किती यात्रेकरू, हे त्यात ठरवले आहे. अनेक खंड पडले, तरी तो कागद आजही जिवंत आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या आधीही दिली, नंतरही दिली. मे २००८ च्या करारानुसार एकमेकांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दिल्या जातात. मे २०२५ मध्ये क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा मारा थांबून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १ जुलैला या याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या.

याचा अर्थ असा की, यात्रेकरूंसाठी, अणुभट्ट्यांसाठी आणि कैद्यांसाठी दोन्ही देशांकडे असे कागद आहेत, जे वैराच्या काळातही पाळले जातात. आजारी बालकासाठी असा कागद नाही.

तो असावा, असे मी सुचवतो. तो दोन पानांहून मोठा असण्याची गरज नाही. बारा वर्षांखालील मुले. ज्यांवर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो, अशा आजारांची डॉक्टरांनी ठरवलेली यादी. दोन्ही बाजूंच्या मोजक्या मान्यताप्राप्त रुग्णालयांची यादी. मुलासोबत आई किंवा वडील आणि गरज भासल्यास आणखी एक नातलग. त्यांची सुरक्षा तपासणी हवी तेवढी कडक, मात्र निर्णय ठरावीक दिवसांत. प्रवेशासाठी एक सीमाचौकी, जी राजकीय कारणांनी बंद झाली, तरी रुग्णवाहिकेसाठी आठवड्यातून एक दिवस उघडेल. आणि दोन कलमे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. पहिले, उपचार सुरू झाल्यावर ते पूर्ण होईपर्यंत आणि डॉक्टर प्रवासाची परवानगी देईपर्यंत व्हिसा रद्द होणार नाही. दुसरे, मूल घरी परतल्यावर किमान वर्षभर दोन्हीकडील डॉक्टरांना दूरचित्र संवादाने एकमेकांशी बोलण्याची आणि अहवाल पाठवण्याची मुभा राहील.

याला कायदेशीर आधारही आहे. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क संहितेला पाकिस्तानने १९९० मध्ये आणि भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. बालकाच्या आरोग्याच्या हक्कासाठी देशांनी परस्पर सहकार्य करावे, असे तिचे चोविसावे कलम सांगते. त्यात शेजारी देशाचा अपवाद केलेला नाही.

हा कागद एकतर्फी उपकार ठरणार नाही. पाकिस्तानी सरकारला त्यामुळे आपल्या मुलांवर परदेशात उपचार का करावे लागतात, याचे उत्तर आपल्या जनतेला द्यावे लागेल आणि तेथील बालहृदयरोग विभागांवर खर्च करण्याचा दबाव वाढेल. भारताला त्यातून मिळेल ते पैशांत मोजता येणार नाही. कणखर देशाचे लक्षण काय, याविषयी अलीकडे आपल्याकडे बरेच बोलले जाते. सीमेवर शत्रूला रोखण्याची ताकद हे एक लक्षण निश्चितच आहे. त्याच सीमेवर शत्रुदेशातील मुलाला ओळखून वाट देण्याइतका आत्मविश्वास हे दुसरे लक्षण आहे. आणि पहिले असलेल्या देशाला दुसरे बाळगणे परवडते.

२००३ मध्ये बस पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला तो नूर फातिमासाठी नव्हे. निर्णय घेणाऱ्यांना तिचे नावही ठाऊक नसावे. दोन पंतप्रधानांनी आपापल्या कारणांसाठी एक रस्ता उघडला आणि योगायोगाने त्या रस्त्याच्या एका टोकाला एक आजारी मूल होते, दुसऱ्या टोकाला तयार असलेले शहर होते. ते शहर आजही तयार आहे. त्याचे कौशल्य तेव्हापासून कितीतरी वाढले आहे. पलीकडच्या टोकालाही आज कोणी तरी मूल दूध पिताना थांबत असेल, धापा टाकत असेल. मध्ये फक्त रस्ता नाही. पुढच्या वेळी तो योगायोगाने उघडण्याची वाट न पाहता, त्या मुलापुरता तरी तो कागदावर लिहून ठेवावा.